पेन ड्राइव्हमधले फोल्डर परत परत शॉर्टकट होतायत? आमच्याकडे चार वेळा झालं, शेवटी कसं थांबलं ते

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हापासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत आमच्या घरातला एकच पेन ड्राइव्ह चार वेळा "शॉर्टकट" झाला. बायको शिक्षिका आहे, तिच्या चाचणीचे पेपर, निकालाचे तक्ते, सगळं त्या १६ जीबीच्या ड्राइव्हवर, आणि तो ड्राइव्ह घर, शाळा आणि शाळेसमोरचं झेरॉक्सचं दुकान असा तीन ठिकाणी फिरतो. दरवेळी मी नेटवर शोधून काहीतरी करायचो, फोल्डर परत यायचे, मी कॉलर ताठ करायचो आणि तीन आठवड्यांनी परत फोन, "अहो, ते बाण परत आलेत."

चारही वेळा कारण वेगळं होतं हे मला चौथ्या वेळी कळलं, म्हणून हे सगळं लिहून ठेवतोय. नेटवर जे उपाय मिळतात ते बहुतेक एका वेळेपुरते असतात, ते परत का येतं हे कुणी सांगत नाही.

आधी तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते बघा. ड्राइव्ह उघडला की फोल्डर दिसतात पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा बाण आणि साइज एक-दोन केबी. ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये मात्र ९-१० जीबी भरलेलं दाखवतंय. म्हणजे डेटा गेलेला नाही, लपवलाय. त्या बाणवाल्या फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा (डबल क्लिक नाही, हात आवरा) आणि टार्गेटच्या चौकटीत काय लिहिलंय ते वाचा. तिथे फोल्डरचा पत्ता असायला हवा, त्याऐवजी सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट असलं काहीतरी आणि पुढे विचित्र नावाची व्हीबीएस फाइल (कमांड आपोआप चालवणारी स्क्रिप्ट) दिसली की समजा तोच पाहुणा, शॉर्टकट व्हायरस. म्हणजे तुम्ही क्लिक केलं की आधी त्याची स्क्रिप्ट चालते, आणि मग तुमचा खरा फोल्डरही उघडतो, त्यामुळे तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे, फक्त आयकॉन बिघडलाय. आमच्या हिने असं दोन दिवस वापरला होता ड्राइव्ह.

थोडं मागचं सांगतो. पूर्वी ऑटोरन नावाची फाइल ड्राइव्हवर टाकली की विंडोज आपणहून प्रोग्राम चालवायचं. विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हसाठी ते बंद केलं आणि २०११ च्या फेब्रुवारीत एक्सपी आणि व्हिस्टालाही अपडेट देऊन बंद केलं. मग व्हायरसवाली मंडळी शॉर्टकटवर आली, कारण आता क्लिक करायला माणूसच लागतो. म्हणूनच तो जुना उपाय, ड्राइव्हवर ऑटोरन नावाचा रिकामा फोल्डर करून ठेवायचा, तो अजून लोक सांगतात पण या प्रकाराला त्याचा काडीचा उपयोग नाही. मीही केला होता.

पहिल्या वेळी काय केलं (आणि काय चुकलं)

पहिल्या वेळी झेरॉक्सच्या दुकानातून आला. तिथल्या कॉम्प्युटरला दिवसाला पन्नास जणांचे ड्राइव्ह लागत असतील, त्यात त्या पोराचा काय दोष. मी घरी सगळे करतात ती कमांड मारली. ती अशी (टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं, मी बोलतो तशी लिहितोय): कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, ड्राइव्हचं अक्षर देऊन तिथे जायचं, मग "अ‍ॅट्रिब -एस -एच -आर /एस /डी *.*". एस म्हणजे सिस्टिम, एच म्हणजे हिडन, आर म्हणजे रीड ओन्ली, हे तिन्ही शिक्के काढून टाक, आतल्या फोल्डरांवरचेसुद्धा. फोल्डर परत दिसले, बाणवाले डिलीट केले, झालं.

झालं नव्हतं. मी ड्राइव्ह साफ केला पण लॅपटॉप नाही. ही दोन दिवस त्या बाणांवर क्लिक करत होती, म्हणजे स्क्रिप्ट लॅपटॉपमध्ये कधीच जाऊन बसली होती. दुसरी वेळ ही याची. स्वच्छ ड्राइव्ह लावला, दहा सेकंदांत परत बाण.

यावरून एक सोपी टेस्ट सापडली, ती आता मी कुठल्याही मशीनवर करतो. एक रिकामा, बिनकामाचा पेन ड्राइव्ह घ्यायचा, त्यावर "टेस्ट" नावाचा फोल्डर आणि आत एक साधी फाइल टाकायची, संशयित कॉम्प्युटरला लावायचा आणि एक-दोन मिनिटं थांबायचं. फोल्डरला बाण आला तर मशीन आजारी. नाही आला तर मशीन ठणठणीत आहे असं सिद्ध होत नाही, पण निदान हा आजार चालू नाही एवढं बऱ्यापैकी कळतं. रोग ड्राइव्हचा की मशीनचा हे आधी ठरवा, नाहीतर माझ्यासारखं एकाला औषध आणि दुसऱ्याला ताप.

फाइली सोडवायची माझी आताची पद्धत

अ‍ॅट्रिब मी आता वापरतच नाही. लिनक्स मिंट लाइव्ह वापरतो, म्हणजे विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरून चालणारी वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम. आजारी विंडोजमध्ये बसून ड्राइव्ह साफ करणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. दुसऱ्या, चांगल्या कॉम्प्युटरवर मिंटची आयएसओ फाइल उतरवायची (तीन जीबीच्या आसपास), रूफस नावाच्या छोट्या प्रोग्रामने ती ८ जीबीच्या वेगळ्या पेन ड्राइव्हवर चढवायची, त्या ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं हे लक्षात ठेवा. मिंट आणि रूफस दोन्ही ओपन सोर्स आहेत, म्हणजे त्यांचा कोड कुणालाही वाचता येतो. मग कॉम्प्युटर चालू करताना बूट मेनू (कुठल्या ड्राइव्हवरून सुरू व्हायचं ती यादी), डेल आणि लेनोवोला बहुतेक एफ१२, एचपीला एफ९, बाकीच्यांचं स्क्रीनवर क्षणभर येतं ते बघा. मिंट थेट पेन ड्राइव्हवरून चालतं, इन्स्टॉल करायची गरज नाही, आणि तुमच्या हार्ड डिस्कला तुम्ही सांगितल्याशिवाय हात लावत नाही. डेस्कटॉपवर "इन्स्टॉल" असा आयकॉन दिसेल, उत्साहाच्या भरात तो दाबू नका.

आता आजारी ड्राइव्ह लावा. गंमत इथे आहे. विंडोजमध्ये "हिडन" हा फाइलवरचा शिक्का असतो, लिनक्समध्ये लपवायचं म्हणजे नावाची सुरुवात टिंबाने करायची. तो विंडोजवाला शिक्का लिनक्स विचारातच घेत नाही, त्यामुळे तुमचे खरे फोल्डर शेजारी शेजारी उघडे बसलेले दिसतात, बाणवाल्या फाइलीही दिसतात, पण त्या इथे नुसत्या मेलेल्या फाइली, क्लिक झालं तरी ती स्क्रिप्ट इथे चालत नाही. कधीकधी सगळा माल एका बिननावाच्या फोल्डरमध्ये गेलेला असतो. त्याला नाव असतं, पण ते नाव म्हणजे एक न दिसणारी स्पेस. आमच्या तिसऱ्या वेळी तसं होतं. विंडोजमध्ये तो फोल्डर पकडायला नाकी नऊ येतात, इथे सरळ उघडतो.

मग फक्त स्वतःचे फोल्डर उचलून तिसऱ्या कोऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा. लिनक्समधून कॉपी केलं की तो हिडनचा शिक्का सोबत जात नाही, त्यामुळे विंडोजमध्ये लावल्यावर फोल्डर आपोआप नीट दिसतात, कमांड वगैरे काही नाही. कॉपी केलेल्यात कंट्रोल एफ करून एलएनके, व्हीबीएस, जेएस, बॅट, एक्सई या शेपट्या (फाइलच्या नावात टिंबापुढचा शेवटचा भाग) शोधा, तुम्ही स्वतः ठेवलेलं नसेल ते उडवा. "परीक्षा" नावाची, फोल्डरचं चित्र असलेली एक्सई आमच्याकडे सापडली होती. विंडोज फाइलींच्या शेपट्या लपवतं ना, म्हणून ही फसवणूक चालते. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन "फाइल नेम एक्स्टेन्शन्स"वर टिक करून टाका, सगळ्यांच्या मशीनवर, आजच.

शेवटी मिंटमध्येच "यूएसबी स्टिक फॉरमॅटर" असतो त्याने जुना ड्राइव्ह फॉरमॅट.

क्लॅमएव्ही या ओपन सोर्स अँटिव्हायरसबद्दल विचारणार बरेच जण. लाइव्हमध्ये इन्स्टॉल करता येतं, पण व्हायरस ओळखायच्या व्याख्यांच्या फाइली उतरवायला नेट लागतं आणि स्कॅन करताना एक जीबीहून जास्त रॅम खातं, ४ जीबीच्या लॅपटॉपवर लाइव्ह चालू असताना जीव मेटाकुटीला येतो. व्याख्या उतरवणारं "फ्रेशक्लॅम" चालवताना लॉगची फाइल लॉक आहे असा एरर आला तर घाबरू नका, ते पाठीमागे आधीच चालू असतं, सर्व्हिस थांबवून परत चालवा. माझा अनुभव, त्याने व्हीबीएस पकडली, शॉर्टकट सोडून दिले. म्हणजे मदतनीस म्हणून बरा, त्याच्या भरवशावर झोपू नये.

मशीन साफ करणं, आणि तिसऱ्या वेळी कुठे पाय घसरला

विंडोजवर टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्समध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट चालू दिसतंय का बघा, असेल तर एंड टास्क. मग त्यातच स्टार्टअपचा टॅब, वरच्या पट्टीवर राइट क्लिक करून "कमांड लाइन" हा कॉलम चालू करा, म्हणजे प्रत्येक गोष्ट कुठल्या फोल्डरमधून चालते ते दिसतं. अ‍ॅपडेटा किंवा टेम्पमधून चालणारी व्हीबीएस, जेएस दिसली की तीच. त्या पत्त्यावर जाऊन फाइल उडवा, नोंद बंद करा. विंडोज की आणि आर दाबून "शेल:स्टार्टअप" टाका (हेही इंग्रजीत), तो फोल्डर तपासा. टास्क शेड्युलरही उघडून बघा, काही प्रकार तिथे दर दहा मिनिटांनी उठायचा गजर लावून ठेवतात. हे सगळं एका ठिकाणी बघायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचंच ऑटोरन्स नावाचं टूल आहे, फुकट आहे पण ओपन सोर्स नाही, या दोन गोष्टी एक नव्हेत. मी तरी वापरतो. मग विंडोज सिक्युरिटीत स्कॅन ऑप्शन्समध्ये "ऑफलाइन स्कॅन" आहे तो लावा, मशीन रीस्टार्ट होऊन विंडोज चालू व्हायच्या आधी स्कॅन होतं, पंधराएक मिनिटं लागतात. "शॉर्टकट व्हायरस रिमूव्हर" नावाच्या ज्या एक्सई नेटवर फिरतात त्या मात्र नको, चोर पकडायला अनोळखी माणसाला घराची किल्ली द्यायचा प्रकार आहे.

हे सगळं करून, टेस्टवाला ड्राइव्ह लावून, बाण येत नाही याची खात्री करून मी मोकळा झालो. पुढच्या रविवारी परत बाण. डोकं फिरायची वेळ आली. शेवटी लक्षात आलं की आमच्या लॅपटॉपवर दोन अकाउंट आहेत, एक हिचं आणि एक मुलाचं, आणि मुलाने मधे प्रोजेक्टची प्रिंट काढायला तोच ड्राइव्ह त्याच्या अकाउंटमधून उघडला होता. स्टार्टअपचा फोल्डर आणि रजिस्ट्रीतली (म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतली) रनची नोंद प्रत्येक युजरची वेगळी असते! मी हिच्या अकाउंटमध्ये बसून सगळं साफ केलं, त्याच्या अकाउंटमध्ये ती स्क्रिप्ट आरामात बसलेली, आणि तो रविवारी गेम खेळायला लॉगिन करायचा तेव्हाच ती उठायची. घरात, ऑफिसात एकाच मशीनवर दोन-तीन जण बसत असतील तर प्रत्येकाच्या अकाउंटमध्ये लॉगिन करून वरचं सगळं परत करा. कुठल्याच व्हिडिओत मला हे सापडलं नव्हतं.

आणखी एक करता येतं, विंडोजचा स्क्रिप्ट होस्टच (स्क्रिप्ट चालवणारा भाग) बंद करायचा. रजिस्ट्रीत लोकल मशीनखाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज स्क्रिप्ट होस्ट, सेटिंग्ज, तिथे "एनेबल्ड" नावाची डीवर्ड व्हॅल्यू करून शून्य द्यायचं. मग व्हीबीएस चालतच नाही. घरच्या मशीनवर मला काही अडलं नाही, पण ऑफिसात जुनी सॉफ्टवेअर स्क्रिप्टवर चालतात, तिथे विचारून करा. मायक्रोसॉफ्टने व्हीबीस्क्रिप्ट हळूहळू काढून टाकणार हे २०२३ मध्ये जाहीर केलंच आहे.

"रिकामा दिसला म्हणून फॉरमॅट केला"

हे आमच्या भाच्याने केलं, मधल्या काळात, मदत म्हणून. त्याला रागावून उपयोग नव्हता. क्विक फॉरमॅट असेल तर आशा असते, कारण त्यात फक्त यादी पुसली जाते, माल तिथेच असतो जोवर त्यावर नवीन काही लिहिलं जात नाही. म्हणून ड्राइव्ह लगेच काढा, त्यावर एक फोटोसुद्धा टाकू नका. मग टेस्टडिस्क आणि फोटोरेक, गेलेल्या फाइली परत काढणारे प्रोग्राम, ही जोडी एकत्रच मिळते, ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेली, ओपन सोर्स. आधी टेस्टडिस्क, नशीब असेल तर फोल्डर नावांसकट परत मिळतात. नाही जमलं तर फोटोरेक, नाव फोटोचं असलं तरी वर्डच्या, पीडीएफच्या फाइलीही काढतं, फक्त नावं जातात. सापडलेल्या फाइली दुसऱ्याच डिस्कवर ठेवायच्या. आम्हाला साताठशे फाइली मिळाल्या, सगळ्या एफ आणि पुढे आकडे अशा नावाच्या, आणि बायको गणपतीच्या सुट्टीत एकेक उघडून "हा सहावी ब चा" करत बसली होती. मी चहा करून देत होतो, दुसरं काय करणार.

आणि तुम्ही विचाराल बॅकअप नव्हता का, तर होता. फ्रीफाइलसिंक (दोन जागच्या फाइली सारख्या ठेवणारा प्रोग्राम) लावलं होतं मी, ओपन सोर्स, उत्तम आहे, पण "मिरर" मोडमध्ये. मिरर म्हणजे आरसा. भाच्याने ड्राइव्ह रिकामा केला, संध्याकाळी मी सवयीने सिंक दाबलं, आरशातलंही रिकामं झालं! वर ते विचारतं, इतक्या फाइली डिलीट होतील, करू का, आणि मी "हो" म्हटलं. आता त्याच प्रोग्राममध्ये डिलीटच्या जागी "व्हर्जनिंग" निवडलंय, वेळेचा शिक्का लावून, म्हणजे जे उडेल किंवा बदलेल त्याची जुनी प्रत तारखेसकट वेगळ्या फोल्डरमध्ये जाते. आणि बॅकअपची डिस्क कॉपी झाली की काढून कपाटात. लावूनच ठेवलेली डिस्क ही मशीनच्या दृष्टीने आणखी एक पेन ड्राइव्हच.

चौथी वेळ: शाळा

घरचं सगळं स्वच्छ, तरी आलं. टेस्टवाला ड्राइव्ह हिच्यासोबत शाळेत पाठवला, स्टाफ रूमच्या कॉम्प्युटरवर एका मिनिटात बाण. तिथे अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणाकडे आहे ते कुणालाच माहीत नाही, मी बाहेरचा माणूस, काय बोलणार. म्हणजे जे मशीन आपल्या हातात नाही ते आजारीच आहे असं धरून चालायचं.

मग आता असं. शाळेत आणि झेरॉक्सला पेन ड्राइव्ह जातच नाही, जातं एसडी कार्ड, साध्या यूएसबी रीडरमध्ये. एसडी कार्डाच्या बाजूला छोटी सरकपट्टी असते ना, लॉक लिहिलेली, ती खाली केली की त्यावर कुणी लिहू शकत नाही. इथे एक खाच आहे, ती पट्टी कार्ड स्वतः बघत नाही, रीडर बघतो, आणि काही स्वस्त रीडर बघतच नाहीत. म्हणून घरी पट्टी खाली करून काहीतरी कॉपी करून बघा, राइट प्रोटेक्टेड म्हणून नकार आला तरच तो रीडर बाहेर न्या. आणि रीडर आपलाच न्यायचा, दुकानातला नाही.

त्या कार्डावर फक्त पीडीएफ, तीही त्या दिवशी लागेल तेवढीच. लिब्रेऑफिसमधून (वर्डसारखा फुकट प्रोग्राम) एक्स्पोर्ट करतो. यात दुसरा फायदा असा की पीडीएफमध्ये फॉन्ट आतच बसतो, दुकानात गेल्यावर मराठीची जोडाक्षरं फुटून चौकोन येणं बंद झालं, ही हिची माझ्यापेक्षा जुनी तक्रार होती. प्रश्नपत्रिका असेल तर एक्स्पोर्टच्याच खिडकीत सिक्युरिटीचा टॅब आहे, उघडायला पासवर्ड ठेवता येतो. व्हेराक्रिप्ट (फाइली पासवर्डने कुलूपबंद करणारा प्रोग्राम) चांगलं आहे पण परक्या विंडोजवर ते चालवायला अ‍ॅडमिन अधिकार लागतात, शाळेत तिथेच गाडी अडते. आणि झेरॉक्सच्या दुकानात डेस्कटॉप कधी नीट बघितलाय? लोकांची आधार कार्डं, मार्कशीटा, पॅन, महिनोन् महिने पडलेली असतात. प्रिंट झाली की कॉपी केलेली फाइल समोर उडवायला सांगा, रीसायकल बिनसकट, आणि आधारची प्रत जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार काढा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

माझ्या मावसभावाचं तालुक्याला डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, फ्लेक्स वगैरे, त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "दादा, मी गिऱ्हाइकाला एसडी कार्ड आण म्हणू का?" बरोबर आहे. त्याच्यासाठी उलटं केलं. कोपऱ्यात एक जुना डेस्कटॉप धूळ खात होता, विंडोज १० चा, ज्याचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले आणि ११ त्याच्यावर चढत नाही. त्यावर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली. आता गिऱ्हाइकाचा कुठलाही ड्राइव्ह फक्त त्यालाच लागतो, तिथून लागणारी फाइल तेवढी नेटवर्कच्या शेअर फोल्डरमधून कोरल ड्रॉच्या मशीनवर जाते. डिझाइनच्या मशीनचे पुढचे यूएसबी पोर्ट त्याने चक्क चिकटपट्टीने बंद केलेत. पहिल्या आठवड्यात पोरगा कुरकुरला की दोन ठिकाणी उठबस होते, आता त्यालाच गंमत वाटते, गिऱ्हाइकाला म्हणतो तुमच्या ड्राइव्हमध्ये बाण आहेत, फोल्डर सोडवून देऊ का, वीस रुपये.

दिवाळीनंतर आमच्याकडे बाण आलेला नाही. शाळेतलं मशीन अजून तसंच आहे. अ‍ॅडमिन पासवर्ड माहीत नसताना तिथे काय करता येईल, हे कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर खाली लिहा, मशीन फॉरमॅट करा असं मात्र नको, त्यावर दहावीचे निकाल आहेत आणि बॅकअप कुणी घेतलेला नाही.